पाचशेची पडताळणी

वजनमापे निरीक्षकांच्या घरात कोणतीही गोष्ट तपासल्याशिवाय खरी धरली जात नसे. साखरेचा नवा पुडा आधी काट्यावर जाई, मगच डब्यात. जेवून उठलेला पाहुणा "पोट भरलं हो" म्हणाला, तरी साहेब त्याच्याकडे जरा संशयानेच बघत. अशा घरात लेकीने एका संध्याकाळी हातखर्च वाढवून मागितला.

"बाबा, आठवड्याला पाचशे पुरत नाहीत. सहाशे करा ना. महिनाअखेरीला अभ्याससहलीचे पैसे भरायचेत. भरले नाहीत तर माझं सत्र वाया जाईल. मी येताना चालत येते, चहा सोडलाय, तरी थोडे कमीच पडतायत."

"पुरत नाहीत हे तपासलं कोणी?"

"मी! रोज तपासतेय!"

"तू अर्जदार. दुकानदाराने स्वतःचा काटा स्वतःच तपासून चालतं का?" साहेब म्हणाले आणि त्यांनी ठेवणीतलं वाक्य काढलं. "आमच्या वेळी मला दीडशेत पुरायचं."

"तेव्हा वन्सं तुम्हाला..." बायकोने तोंड उघडलं, पण साहेब तोवर रजेचा अर्ज लिहायला बसले होते. कारण : प्रत्यक्ष स्थळी पडताळणी. एक आठवडा ते स्वतः पाचशेत कॉलेज करून दाखवणार होते.

सोमवारी पाठीला लेकीची जुनी सॅक लावून साहेब फाटकाशी हजर झाले.

"काका, पालकसभा पुढच्या महिन्यात आहे," पहारेकरी म्हणाला.

"मी पालक नाही. मी प्रयोग आहे."

पहारेकऱ्याने असे पुष्कळ पाहिले असावेत. त्याने सोडलं.

कँटीनमध्ये लेकीच्या वर्गाचं टोळकं बसलं होतं. लेक तेवढी नव्हती. चहा सोडल्यापासून ती तिकडे फिरकतच नसे. तिथली रीत अशी, की रोज एकाने सगळ्यांचे पैसे द्यायचे. "आज पाळी कोणाची?" कोणीतरी विचारलं. "नव्या भिडूची!" बाकीचे ओरडले. साहेबांना भिडू म्हणून तीस वर्षांत कोणी हाक मारली नव्हती. त्यांनी हसत हसत नोट काढली. टोस्ट आला तेव्हा सवयीने खिशातला छोटा काटा काढून तो तोलला. वजन कमी भरलं. नियम म्हणजे नियम, म्हणून वजन पुरं करायला त्यांनी आणखी एक टोस्ट मागवला. त्याचेही पैसे पडले.

मंगळवारी एका पोराचा वाढदिवस निघाला. "छोटा केक आणलात तर माझ्या पोरीची मान खाली जाईल," म्हणून साहेबांनी मोठा आणायला लावला. बुधवारी दुपारी खिशात हात घातला, तर रुमालाशिवाय काही हाती लागेना.

खरं तर तिथेच घरी जाऊन "बाळ, तुझं बरोबर होतं" म्हणता आलं असतं. पण निरीक्षकाचं माप चुकलं म्हणजे काय उरलं?

कँटीनवाला भला माणूस. "साहेब, तोंड का उतरलंय? तुमच्या मुलीच्या नावावर मांडतो की!"

साहेबांनी क्षणभर विचार केला. खिशातून जातो तो खर्च. इथे तर खिशातून काहीच जात नव्हतं! "मांडा," ते म्हणाले.

आणि मग काय विचारता! खिशाचा जाच संपला आणि साहेबांचं कॉलेज सुरू झालं. गुरुवारी सगळ्या वर्गाला कॉफी. शुक्रवारी शेजारच्या वर्गालाही, कारण भेदभाव नको. पोरं त्यांना 'काटासाहेब' म्हणू लागली, त्यांनी टेबल बडवून दोन गाणी म्हटली, आणि दुसऱ्याला तर चक्क वन्समोअर मिळाला. घरी जाताना बसभाड्याला ते कोणाकडूनही सुटे घेत. आयुष्यात इतकी मजा त्यांना आली नव्हती, आणि तीही पाचशेत!

शनिवारी जरा धाकधुकीतच त्यांनी कँटीनवाल्याला बाकी विचारली.

"मिटली की! सकाळी तुमची मुलगी येऊन भरून गेली. डबाच आणला होता, नाणी मोजता मोजता माझ्या नाकी नऊ आले. म्हणाली, बाबांना बोलू नका, त्यांना वाईट वाटेल."

"वा! म्हणजे बाकी शून्य," साहेब म्हणाले, आणि शीळ घालत घरी गेले.

रविवारी जेवणं झाल्यावर त्यांनी अहवाल वाचून दाखवला. "सदर रक्कम पुरेशी असल्याचे प्रत्यक्ष प्रयोगाने सिद्ध झाले आहे. सबब, वाढ नामंजूर."

"आणि कँटीनची उधारी?" बायकोने विचारलं.

"ती घरच्या माणसाने भरली. घरच्या माणसाचं धरत नाहीत."

"घरचं माणूस म्हणजे मी, बाबा! ते सहलीचे पैसे होते! सगळे गेले!"

साहेब थबकले. त्यांनी चष्मा पुसला, अहवाल पुन्हा उघडला आणि खाली एक ओळ वाढवली. "अर्जदाराकडे शिल्लक असल्याचे पडताळणीत आढळून आले. कपातीचा विचार व्हावा."

लेक उठली आणि तिने सॅकमधून सहलीच्या नावनोंदणीचा कागद काढून बाबांच्या अहवालाशेजारी ठेवला. तो कोराच होता.

तेवढ्यात साहेबांच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. प्रयोगाची बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. "अरे, तुला पुरायचंच!" ती खळखळून हसत म्हणाली. "शिवणाचे पैसे मी गुपचूप तुझ्या खिशात घालायचे ना! माझी परीक्षेची फी त्यातच तर गेली, वेड्या."

"घरच्या माणसाचं धरत नाहीत, ताई," साहेब म्हणाले. या वेळी जरा हळू म्हणाले, पण अहवालावर शिक्का मारलाच.

आता इमारतीतले सगळे बाप त्या अहवालाची प्रत मागताहेत. तुम्हालाही हवी असेल तर मिळेल. तुमच्याही वेळी एवढ्यात भागत होतंच ना? मग घरी एक फोन करून एवढंच विचारा, की भागवत कोण होतं.