सुलभाताईंच्या सावलीची शिवण

चिंचखेडात ज्याची सावली लांब, त्याला पक्षाचं तिकीट मिळतं. संध्याकाळी पाचला शाळेच्या मैदानावर पक्षाचे निरीक्षक टेप लावून मोजतात.

यंदा दोघं इच्छुक होते. प्रतापराव दहिभात्यांच्या मागे सिमेंट कंपनी होती. तिने आपल्या धुराड्याची सावली त्यांना कराराने दिली होती. एकशे ऐंशी फूट, एकसंध. समोर ब्लाऊज शिवणाऱ्या सुलभा ढेपे. त्यांची सावली चारचौघींसारखीच. पण प्रतापराव आले की कंपनी गावतळ्याला कुंपण घालणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्याच तळ्यात सुलभाताई पोहायला शिकल्या होत्या. त्यांचा जीव तुटत होता.

त्या कात्री घेऊन दारोदार फिरल्या. नियमाने पक्षाच्या एका सभासदाकडून एक वीत सावली घेता येते, पावती फाडून. पायाकडची कापता येत नाही, म्हणून डोक्याकडची.

"घे बाई," भाजीवाली चंद्राबाई म्हणाली. "तसंही डोकं कुठं वापरते मी? आमच्या ह्यांची पण घे. त्यांना तर कळायचंसुद्धा नाही."

आठवड्याभरात निम्मं गाव बिनडोक्याच्या सावल्या घेऊन हिंडू लागलं. सुलभाताईंनी प्रत्येक तुकड्यावर खडूने पावतीचा नंबर घातला आणि मशीनवर जोडत गेल्या.

मोजणीच्या दिवशी साडेचारला निरीक्षक हिरेमठांनी तालीम म्हणून टेप लावला. सुलभाताईंची सावली प्रतापरावांपेक्षा सात फूट कमी.

सुलभाताई सावलीशेजारी बसून जोड तपासू लागल्या. हिशेब पक्का होता, मग सावली गेली कुठे? त्यांनी एक जोड उलटून पाहिला आणि कपाळावर हात मारला. वीस वर्षांच्या सवयीने त्यांनी प्रत्येक शिवणीत आत माया सोडली होती. गिऱ्हाईक अंगाने सुटलं की ब्लाऊज सैल करता यावा म्हणून जादा कापड सोडतात, तशी.

"साहेब, उसवू का?"

हिरेमठांनी नियमावली उघडली. "मोजणीच्या दिवशी नवी पावती फाडता येत नाही. पण ही आधीच घेतलेली, आतलीच आहे. उसवा."

सगळं मैदान खाली बसलं. जो तो आपापल्या नंबरच्या तुकड्यापाशी. कुणी सेफ्टी पिन काढली, कुणी ब्लेड, चंद्राबाईने दात लावले. सुलभाताई मागून काठाला काठ टाचत धावल्या.

प्रतापरावांनी आणखी सावलीसाठी घाईघाईने कंपनीला फोन लावला. दुसरं धुराडं मार्चमध्ये होणार होतं.

पाचला टेप लागला. सुलभाताई चार बोटांनी जास्त भरल्या. हिरेमठांनी दोनदा मोजलं आणि सही केली. सुलभाताई ढसाढसा रडल्या.

"रडतेस काय? भाचीच्या लग्नात घालायचा माझा ब्लाऊज कधी देतेस?" चंद्राबाई म्हणाली.

"सोमवारी," त्या डोळे पुसत म्हणाल्या आणि घरी निघाल्या. सावली जाऊ द्यायला हातगाड्या बाजूला झाल्या. त्या दारात पोचल्या तरी तिचं टोक तळ्याच्या पायऱ्यांवरच होतं. धुणं धुणाऱ्या बायका जरा सरकून तिच्यात बसल्या.