याडीच्या आरशांना हळद

तुम्हाला म्हणून सांगते, यंत्राच्या बाबतीत माझा हात धरणारं कुणी नव्हतं! पुण्याच्या प्रयोगशाळेत हालचाल टिपणारे इन्फ्रारेड कॅमेरे माझ्या ताब्यात होते. नाचणाऱ्याच्या अंगावर बोराएवढे चकाकते गोळे चिकटवायचे, कॅमेऱ्यांनी न दिसणारा उजेड टाकला की पडद्यावर तेवढे गोळे ठिपके होऊन नाचतात. रोज आम्हा बंजाऱ्यांच्या सेवालाल महाराजांचं नाव घेऊन मी भिंगं पुसायची. तेही व्रतच म्हणा ना!

२००७ साली ती यंत्रं मी आखाडा बाळापूरजवळच्या आमच्या तांड्यावर आणली. याडीसाठी. याडी म्हणजे माझी आई, रूपाबाई. तिच्यासारखी गिरकी तांड्यात कुणालाच येत नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी नांदेडला तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, यापुढे नाच विसरा.

उन्हातही इन्फ्रारेड असतं, म्हणून दिवस मावळल्यावर समाजमंदिरात बेत ठरला. आठला भारनियमन. त्याआधी उरकायचं!

मी याडीपुढे काळा तंग पोशाख धरला.

"हे काय, रेड्याचं कातडं?"

"यंत्राला असंच लागतं, याडी."

"मंग यंत्रालाच घाल की! मी माझ्या फेटियाबिगर पाय उचलणार न्हाई."

फेटिया म्हणजे आमचा घागरा, आणि याडीचा फेटिया म्हणजे नुसते आरसे! त्यावरच गोळे चिकटवले, कॅमेरे सुरू केले, तर पडद्यावर याडीऐवजी टिपूर चांदणं!

"काय झालं, शिला?" तांड्याचे नायक उत्तमसिंगकाका पुढे आले.

"आरसे चमकून राहिले, काका. झाकावे लागतील."

"त्यात काय तकलीफ? हळद हाय ना!"

आमच्या हिंगोलीकडे हळदीला काय तोटा! मिनावहिनीने पातेलंभर कालवली. बायका सरसावल्या, एकेका आरशावर बोट फिरू लागलं, कुणीतरी लग्नातलं गाणंही धरलं.

"ह्या वयात मला काहून हळद लावून राहिल्या गं!" याडी चक्क लाजली.

मी पडद्याकडे धावले. चांदणं गेलं होतं. पण याडीही गेली होती! एक ठिपका शिल्लक नव्हता!

"वहिनी, गोळ्यांनाही हळद लावली?"

"तेच तर जास्ती चमकत व्हते!"

मी कुणावर आवाज चढवत नाही. त्या संध्याकाळी मनातल्या मनात चढवला. गोळे उपटले, पेटीतले नवे चिकटवले. आता याडी नीट दिसली. आणि शेजारी, खाली कोपऱ्यात, एक आगाऊ ठिपका थरथरत होता.

वहिनीची नथ उतरवली. काकांचा चष्मा खिशात घालायला लावला.

"टकलालाबी हळद लावू का?" काकांनी चेष्टेत विचारलं.

"लावा!" मी म्हणाले.

लावली! ठिपका जागचा हलेना. आठ वाजत आले. याडी या पायावरचा भार त्या पायावर टाकत होती.

"शिले, आता गुडघे ऐकायचे न्हाईत. आन् कोपऱ्यात त्यो दिवा कुनाचा? त्यो न्हाई व्हय चमकत?"

माझाच की तो! दिवेलागणीला जिथे असेन तिथे महाराजांपुढे तुपाचा दिवा, हा माझा नेम. गोळे बदलायच्या धांदलीतही हातांनी तो परस्पर लावून टाकला होता. ज्योतीतही इन्फ्रारेड असतं, हे मीच प्रयोगशाळेतल्या पोरांना शिकवते!

"फुंकून टाक," काका म्हणाले.

"न्हाई!" याडीनेच अडवलं. "लावलेला दिवा इझवत न्हाईत, हालवत बी न्हाईत. ऱ्हाऊ द्या त्याला बी. मी नाचते."

आणि ती फिरली! पिवळाजर्द फेटिया छत्रीसारखा फुलला. मी पडद्याकडे बघायचंच विसरले. शेवटची गिरकी संपली आणि लाईट गेली. उरला फक्त दिवा, आणि त्याच्या उजेडात धापा टाकत हसणारी याडी.

गुडघे बरे झाले. गिरकी मात्र तीच शेवटची. दिवाळीला मी तिला संगणकावर दाखवली. याडी पडद्याला नाक लावून बघू लागली.

"यात मी कंची गं?"

"हे सगळे ठिपके तूच, याडी."

"मला तर मी कुठं दिसंना. दिवा तेवढा बराबर वळखू आला!"

नको असलेले ठिपके पुसून टाकणं हे प्रयोगशाळेत माझंच काम आहे. हा एक पुसायला मात्र अजून सवड झालेली नाही. साहेबांना सांगू नका हं!