मधल्या रांगेतल्या खुर्च्या

व्हॅनमधल्या मधल्या रांगेतल्या खुर्च्या काढून टाकायचं कंपनीच्या प्रमुख लान मॅडमनी जवळजवळ ठरवलं होतं, आणि त्या खुर्च्या मो ज्यानशंगनं घडवलेल्या होत्या. चीनमधल्या ल्यूचौच्या त्या व्हॅनच्या कारखान्यात निम्मा हिस्सा परदेशी भागीदारांचा. त्यांचं म्हणणं असं की खेड्यातली माणसं व्हॅनमधून संत्री आणि डुकरं नेतात, मग मागे गुबगुबीत खुर्च्या हव्यात कशाला? मोनं मात्र त्या खुर्चीपायी उमेदीची वर्षं घातली होती. बायको म्हणायची, माझ्या कंबरेचा एवढा विचार केला असतात तर बरं झालं असतं.

एकदा गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन बघू या, असं मोनं मॅडमना विनवलं. त्यासाठी त्यानं छिन देफू नावाचा संत्र्यांचा बागवाला निवडला, कारण त्यानं शोरूमला फोन करून खुर्च्यांचं तोंड भरून कौतुक केलं होतं. पण मॅडम गाडी बघायला येणार आहेत हे मोनं त्याला आधी कळवलं आणि तिथेच माशी शिंकली.

गाडी आणली त्याच संध्याकाळी छिननं, गावातल्या सगळ्यांसारख्याच, मधल्या दोन्ही खुर्च्या काढून घेतल्या होत्या. आता कंपनीनं हमी रद्द केली तर, या धास्तीनं तो त्या परत आणायला धावला. एक खुर्ची त्यानं न्हाव्याला दिली होती. तिच्यावर एक जण तोंडाला फेस लावून बसला होता, त्याला छिननं तसाच उभा केला. दुसरीवर त्याची आई होती आणि ती काही उठेना.

"आई, घटकाभराचा प्रश्न आहे."

"माझ्या कंबरेचा प्रश्न आहे. त्या बाईला सांग, मी झोपायला गेले की ये."

शेवटी छिन आणि शेजारचा नोंग या दोघांनी आईला खुर्चीसकट उचललं, व्हॅनमध्ये ठेवलं आणि खालचे बोल्ट आवळले. तेवढ्यात पाहुणे आले. मॅडमनी सरकतं दार उघडलं तर आत म्हातारी शेवयांचा वाडगा घेऊन बसलेली.

"बघा मॅडम," मो हरखून म्हणाला, "प्रवासी."

मॅडमनी कौतुकानं विचारलं, "कुठे निघालात, आजी?"

"कुठे जातेय? ह्यानं उचलून इथे टाकलं. घरात कशी छान टीव्हीसमोर होते."

मग काही लपवण्यात अर्थ नव्हता. छिननं खाली मान घालून सगळं सांगितलं. मॅडमनी शांतपणे ऐकलं आणि त्या मोकडे वळल्या.

"लोक काढूनच टाकतात, मो. मग आपण देऊ नयेत हेच बरं."

मोला रडू यायचं तेवढं बाकी होतं. त्यातून मॅडमचं लक्ष शेजारच्या अंगणातल्या कोऱ्या व्हॅनकडे गेलं. चाकांना चिखलाचा डागसुद्धा नव्हता. त्यांनी नोंगला विचारलं, तुम्ही यातून काय नेता?

"काही नाही. मला चालवता येत नाही."

"मग घेतलीत कशाला?"

"आमची आई रोज इथे येऊन या खुर्चीसाठी छिनच्या आईशी भांडायची. मी शोरूममध्ये खुर्ची मागितली, तर सुटी मिळत नाही म्हणाले."

लान मॅडमना हसू आवरेना.

"खुर्च्या राहू देत, मो," त्या म्हणाल्या. "भागीदारांना काय सांगायचं ते मी बघते."

मोच्या आनंदाला पारावार राहिला नाही. त्या भरात त्यानं नोंगला तिथल्या तिथे गाडी शिकवायची तयारी दाखवली. नोंगनं जरा ओशाळून डोकं खाजवलं.

"शिकलो असतो साहेब, पण स्टिअरिंगसमोरची खुर्ची वडिलांनी घेतलीय."