नाना पेडणेकरांची पातळी

नाना पेडणेकर सकाळी दात घासायच्या आधी नाला मोजत.

आमच्या काळाचौकीच्या चाळीमागून हा नाला जाई. पेन्शनीत निघून गावाकडून आलेल्या नानांनी पहिल्याच आठवड्यात तळमजल्यावरच्या सखूबाईंच्या भिंतीवर काळ्या-पांढऱ्या रंगात मोजपट्टी रंगवली आणि वर लाल रेघ मारली. धोक्याची.

सखूबाई पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या. "रे मुडद्या, भिंत काय तुझ्या बापाशीची?"

"बाई, पातळी सोडून बोलू नका," नाना म्हणाले. हे त्यांचं लाडकं वाक्य.

नाना सरकारी नोकरीत नदीची पातळी मोजत. नदी सुटली, खोड सुटली नाही. गॅलरीत उभं राहून ते नाल्याची पातळी अख्ख्या चाळीला ओरडून सांगत. चाळही ओरडूनच उत्तर देई. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा लालबागेतून निघाला, तेव्हा आम्ही घसा फोडून घोषणा देत होतो आणि नाना प्रवाहाचा वेग काढत होते. नदीत लाकडाचा तुकडा सोडतात, तशी त्यांनी स्वतःची टोपी एका मोर्चेकऱ्याच्या डोक्यावर ठेवली आणि घड्याळ बघत बाजूनं धावू लागले. पुढच्या नाक्यावर पोलिसांनी त्या माणसाला टोपीसकट गाडीत कोंबलं. संयुक्त महाराष्ट्रासाठी आमच्या चाळीतून तुरुंगात गेली ती एवढी एक टोपी.

"मधेच धरण लागलं," नाना म्हणाले.

श्रावणात एका दुपारी नाला फुगला आणि तळमजल्यात शिरला. मी धावत खाली गेलो, तर नाना धोतर खोचून गुडघाभर पाण्यातून येत होते. पाठीवर सखूबाई. त्यांचे पाय संधिवातानं धरलेले. नानांनी त्यांना वर आपल्या खोलीत आणून खाटेवर बसवलं. मागोमाग मी बाईंचा स्टो आणला.

"नाना, पातळी किती?" मी खोडसाळपणे विचारलं.

"बघितली नाही."

सखूबाईंनी खोलीभर नजर फिरवली. एक खाट, एक ताट, एक पेला. "तुमचां कोण नाय?"

"नदीवरच्या चौकीत एकटाच असायचो," नाना धोतर पिळत म्हणाले. "रोज पातळी वर कळवायचो. उलट शब्द कधी आला नाही." मग म्हणाले, "इथं निदान शिव्या तरी येतात."

 सखूबाई स्टो पुढे ओढत म्हणाल्या,

"मेल्या, साखर खंय ठेवलंस?"