अप्पांची बाई

दुसऱ्याच्या दारात उभं राहून "घरात कुणी हाय का?" असं विचारल्याशिवाय अप्पा आत पाऊल टाकत नसत. यात नवल काही नाही, आमच्या गेवराईत सगळेच तसं विचारतात. नवल हे, की ते दार कॉम्प्युटरच्या पडद्यावर असायचं, घर चित्रातलं असायचं आणि अप्पा पडद्याकडे तोंड करून खणखणीत आवाजात विचारायचे. मग थोडा वेळ उत्तराची वाटही बघायचे. आतून उत्तर येणार नाही, हे मी त्यांना कितीदा तरी सांगितलं होतं.

"न येऊ दे," अप्पा म्हणायचे. "आपुन इचारलं पायजे. इजाजत न घेता लोकाच्या घरात घुसायचं म्हंजे काय?"

शिवलिंगअप्पांचं कापडदुकान माझ्या कॉम्प्युटर क्लासच्या शेजारी होतं. गावात रंगीत टीव्ही आणि एसटीडीचे पिवळे बूथ नुकते दिसू लागले होते, तेव्हाची गोष्ट. पुढचं सगळं जग कॉम्प्युटरवर चालणार असं ऐकून मी बी.एस्सी. झाल्या झाल्या क्लास काढला. तीन मशीनं, त्यातलं एकच रंगीत. अप्पा तेव्हा बासष्टचे. पांढरं धोतर, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, चौथीपर्यंतचं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून. मी तेवीस वर्षांचा असूनही ते मला 'मास्तर' म्हणायचे. क्लासची पाटी लावली त्या दिवशी आत डोकावून त्यांनी एवढंच विचारलं होतं, "मास्तर, ह्यानं पोट भरतं का?"

पुण्याच्या एका मित्रानं मला खेळाची एक सीडी आणून दिली होती. एक काल्पनिक राज्य. त्यात जंगलं, पडके किल्ले, लांडगे, राक्षस. आपण एक योद्धा निवडायचा, त्याला तलवार द्यायची आणि राज्यभर हिंडवायचं. पुढच्या काळात आले तसले गुळगुळीत खेळ नव्हेत हे. यातलं प्रत्येक झाड, प्रत्येक उंबरा कुणीतरी कुंचल्यानं रंगवलेला होता. एका दुपारी पोरं यायच्या आधी मी खेळत बसलो होतो. तलवारींचा खणखणाट ऐकून अप्पा आत आले.

"काय करायलास मास्तर? भांडणं लागली काय?"

मी काही सांगायच्या आत ते पडद्याशी वाकले. माझा योद्धा जंगलात उभा होता. मागून दोन लांडगे येत होते. अप्पांचं लक्ष लांडग्यांकडे नव्हतंच.

"थांब. हालू नको. हे झाड बघ. हा अंजिरी. ह्याच्या खाली गुलबक्षी. आन् हा कडंला, हा मोरपंखी न्हाई, हा त्याच्याहून जरा मळलेला." चाळीस वर्षं लुगड्यांच्या घड्या उलगडलेलं त्यांचं बोट काचेवरून फिरत राहिलं. "हे हातानं काढलंय बे! इथं बघ, इथं ब्रश टेकला, थांबला, मग पुढं गेलाय. कोण हाय हा माणूस?"

तोवर लांडग्यांनी माझा योद्धा मारला होता.

दुसऱ्या दिवसापासून अप्पा रोज दुपारी जेवण झालं की यायचे. तासभर खेळायचे. माऊस ते कात्री धरावी तसा धरायचे, बोटं आवळून. योद्धा निवडायची वेळ आली तेव्हा पडद्यावर तिघं उभे होते, दोन पुरुष आणि एक बाई. अप्पांनी बाई निवडली, कारण तिच्या अंगावरचं वस्त्र कुसुंबी होतं आणि "रंग पक्का वाटतो" म्हणाले. खेळानं नाव विचारलं. परक्या बाईला आपण नाव कसं ठेवायचं, हा अप्पांपुढे प्रश्न होता. शेवटी म्हणाले, "नुस्तं बाई लिव्ह." मी लिहिलं.

बाईचा प्रवास सुरू झाला. असला प्रवास मी ना त्याआधी पाहिला, ना नंतर. खेळाची रीत अशी की जनावरं आणि राक्षस मारत जायचं, जितके माराल तितकी ताकद वाढते. अप्पा कुणालाच मारायचे नाहीत. लांडगा आला की बाई वळून पळायची. कोळी आला की वाट बदलायची.

"अप्पा, मारल्याशिवाय ही मोठी होणार नाही."

"कावून? मी बासष्टचा झालो. कुणाला मारलं म्हणून झालो?"

मग बाई दुसरी कामं करत हिंडायची. कुणाला जंगलातली मुळी आणून दे, कुणाचा निरोप पोचव, कुणाची हरवलेली बकरी शोध. त्या कामांचीही ताकद मिळायची, पण चिमूटभर. इंग्रजी मजकूर मी वाचून मराठीत सांगायचो. अप्पा मान डोलवायचे आणि पडद्यावरच्या म्हातारीला "आणतो की माय, लगीच आणतो" असं म्हणून निघायचे. वाटेत कुठलंही झाड आलं की बाई थांबायची. अप्पा ते झाड निरखायचे, ओठ हलवत रंग मोजायचे, मग पुढे. पहाट दाखवलेलं एक तळं होतं. त्याच्या काठावर बाई दोन दुपारी नुसती उभी होती.

बाजारात याचा बोभाटा व्हायचाच. उमापूरचं एक जुनं गिऱ्हाईक दुकानात अप्पांची वाट बघत बसलं होतं. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला, "आज बाई आपल्याला नदीपार नेती का न्हाई?" त्या गृहस्थानं खरेदी न करताच एसटी पकडली. आठवड्यात अप्पांच्या भावकीपर्यंत बातमी गेली. एक पुतण्या तपासाला आला, पडद्यापुढे काकांना एका रंगीत बकरीला चुचकारताना बघितलं, आणि चहा पिऊन परत गेला.

मग पूल आला. नदीवर लाकडी पूल, पुलावर एक अवाढव्य राक्षस. त्याला मारल्याशिवाय पलीकडे जाता येत नव्हतं. अप्पांनी महिनाभर दुसरी वाट शोधली. काठाकाठानं वर गेले, खाली गेले. बाई रोज पुलाच्या तोंडाशी येऊन उभी राहायची आणि अप्पा राक्षसाला म्हणायचे, "जाऊ दे की राजा." अप्पा कधी नव्हे ते वैतागलेले दिसू लागले. "मास्तर, आज कायतरी झालंच पायजे," असं म्हणत यायचे आणि खाली मान घालून जायचे. खेळात एवढं काय अडलंय, ते मला कळत नव्हतं.

अशाच एका दुपारी लाइट गेली, आली, पुन्हा गेली आणि भपकन आली. रंगीत मशीनमधून जळका वास सुटला. मी ते एसटीत मांडीवर घेऊन औरंगाबादला गेलो. दुरुस्तीवाल्यानं आतली डिस्क बदलली. जुन्यातलं काही उरलं नाही, म्हणाला. परत येऊन मी अप्पांना तसं सांगितलं.

"म्हंजे बाई?"

"गेली, अप्पा. पण सीडी आहे. पहिल्यापासून सुरू करता येईल."

अप्पांनी बंद पडद्यावरून एकदा बोट फिरवलं. "पहिल्यापासून नगं," म्हणाले, आणि दुकानात गेले. त्यानंतर आठ दिवस ते क्लासकडे फिरकले नाहीत. गिऱ्हाईकाला कापड दाखवताना ऐकू यायचे, तेवढेच.

नवव्या दिवशी काकूंचा निरोप आला, घरी येऊन जा. काकू म्हणजे अप्पांच्या पत्नी. माहेर चकलांब्याचं. शेजारी दुकान असून मी त्यांना लांबूनच पाहिलेलं. बोभाटा कानावर गेला असणार. मी गेलो. काकूंनी पाट दिला, पाणी दिलं, समोर बसल्या आणि पदर नीट करून थेट विचारलं,

"मास्तर, ती बाई पूल वलांडून गेली का?"

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"आठ रोज झाले, हे काय सांगंनात. इचारलं की म्हणत्यात, काय न्हाई, झोप. तिला त्या राकीसानं खाल्लं का? खरं सांगा."

मी मशीन जळल्याचं सांगितलं. काकूंनी लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाल्या, "मशीन जळली. बाई कशी जळंल?"

मग त्या हळूहळू बोलू लागल्या. "चाळीस वर्सं झाली लग्नाला. त्यातली तीस, घरात बावीस माणसं. हे जेवून उठायचे, मी वाढायची. दिवसभरात एक सबूद व्हायचा न्हाई. कुणाला टाइम व्हता? मंग वाटण्या झाल्या, दीर-जावा गेल्या, लेकीचं लगीन झालं. दोघंच ऱ्हायलो एवढ्या घरात. तवा कळलं मास्तर, आमाला एकमेकाशी बोलायाच येत न्हाई. मीठ बराबर हाय का? हाय. झालं. हे बी तसेच बसायचे, मी बी तशीच. भांडण न्हाई, कायच न्हाई. मंग एक दिवस दुकानातून आले आन् म्हणले, आज एक अंजिरी पानाचं झाड बघितलं. मी म्हणलं, आं? मग?"

त्या जरा लाजल्या.

"तवापासून रोज सांगत्यात. जेवायला बसलं की सुरू. मी 'मग?' म्हणली, की ते पुढचं सांगत्यात."

आत देवघरातून समईच्या तेलाचा वास येत होता. मला वाटत होतं, अप्पा माझ्या क्लासात खेळायला येतात. ते तर घरी न्यायला काहीतरी गोळा करत होते. एकेक रंग ओठांवर मोजून ठेवत होते, संध्याकाळी चुकू नये म्हणून. आणि महिनाभर पुलापाशी अडल्यावर त्यांच्याजवळ सांगायला काही उरलं नव्हतं.

"काकू," मी म्हणालो, "बाई पुन्हा निघू शकते. तुम्हीच या बघायला."

त्या येतील असं मला वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी, इरकली लुगडं नेसून, भर बाजारातून काकू आल्या. अप्पा मागोमाग धावत आले. "अगं, हितं कुठं तू?" काकूंनी चपला बाहेर काढल्या, खुर्चीवर बसल्या आणि पदर खोचला. मी सीडी घातली. तीच तिघं उभी राहिली. काकूंनी बोट ठेवलं, "ही कुसुंबीवालीच ना?"

बाई जंगलात निघाली. कळा कशा दाबायच्या ते मी सांगितलं. अप्पा मागं उभे राहून त्यांना झाडं दाखवत होते, "हे बघ, हेच ते, अंजिरी!" काकू झाड बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हजारदा ऐकलेल्या गावात पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्याचं नवल होतं. तेवढ्यात लांडगा आला.

"पळ! उजवीकडं पळ!" अप्पा ओरडले.

काकूंनी दोन्ही हातांनी कळ दाबली. लांडगा पडला.

"अगं, काय केलंस!"

"आंगावर आलतं. काय हात जोडू त्याला?"

"जनावर हाय ते! त्याच्या जंगलात आपुन गेलाव!"

"तुमचं ऐकत बसली म्हणून महिनाभर पुलापाशी उभी व्हती ती!"

अप्पा सांगू लागले, की पुलाला दुसरी वाट नक्की आहे, खालच्या अंगानं आहे, फक्त बघायला पाहिजे. काकू म्हणाल्या, काठीच्या एका दणक्याचं काम आहे. दोघंही निघाले ते बोलतच. मला जातो म्हणायचंही राहिलं.

मी दारात आलो. आमच्याकडे त्या वयाची जोडी बाजारातून जाते तेव्हा माणूस दहा पावलं पुढं असतो आणि बाई मागं. हे दोघं एका रेषेत चालले होते. भाजीवालीनं टोपली मागं ओढून त्यांना वाट दिली, तिच्याकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. मारुतीच्या पाराशी अप्पा थांबले, हातवारे करून नदीचं वळण दाखवू लागले. काकूंनी मान हलवली, त्यांचा हात खाली केला आणि आपल्या हातानं वळण दुसरीकडून काढून दाखवलं. भर उन्हात, रस्त्याच्या मधोमध, दोघंही एकाच वेळी बोलत होते.