हात लावून बघणारे शेषराव

कर वाचवायला आलेल्या माणसाला आधी जीभ दाखवायला सांगणारा कारकून मी आयुष्यात एकच पाहिला. शेषराव. समोर बसले होते नव्या जालन्यातले एक किराणा दुकानदार, विवरणपत्र भरून घ्यायला आलेले. सरकारनं नवीन नियम काढला असेल म्हणून बिचाऱ्यांनी जीभ काढली. शेषरावांनी ती उजेडात नीट पाहिली, 'बराबर हाय' म्हणाले आणि मग वही मागितली.

त्यांचा तरी काय दोष? शेषरावांचं सगळं उच्च शिक्षण गुरांच्या दवाखान्यात झालेलं, मलमपट्टी करता करता. बहात्तरच्या दुष्काळात त्यांना गुरांच्या छावणीवरच्या दवाखान्यात हंगामी नोकरी लागली. पुढं पाऊस पडला, गुरं आपापल्या घरी गेली, तसे शेषरावही घरी गेले. घरी वाट बघणारं कोणी नव्हतं. आमचे वकीलसाहेब आयकराची कामं करायचे. त्यांची आजारी गाय शेषरावांनी उठवून उभी केली होती, एवढ्या पात्रतेवर वकीलसाहेबांनी त्यांना ऑफिसात घेतलं. तीन महिने बघू, जमलं तर कायम करू, असा करार. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला दुसरी नोकरी कोण देणार होतं!

त्यांना हिशेब शिकवायचं पुण्यकर्म माझ्या गळ्यात आलं, कारण मी बी.कॉम. होतो. तिसऱ्या वर्गात, पण बी.कॉम. शेषराव मला मास्तर म्हणायचे. मी जमा आणि नावे समजावून सांगायचो, ते मान डोलवायचे आणि वहीवरून हात फिरवत म्हणायचे, हिला अपचन झालंय. खर्चाची पानं फुगलेली दिसली की त्यांचं हे निदान ठरलेलं. चीड याची यायची की ते बहुतेक वेळा खरं निघायचं.

आणि मालाची शिल्लक नुसती कागदावर दाखवून त्यांचं समाधान म्हणून व्हायचं नाही. 'हात लावल्याबिगर कळत न्हाई' हा त्यांचा एकमेव कायदा. सायकल काढायची, जुन्या जालन्यातल्या गल्लीत शिरायचं, दुकानात बाही सरसावून पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा. व्यापारी तक्रार घेऊन यायचे की हा माणूस आमची ज्वारी अशी चाचपून राह्यला, जशी ती गाभण आहे. वकीलसाहेब कपाळाला हात लावायचे, मी पोटभर हसायचो.

तिसरा महिना संपत आला तेव्हा एका शेटचं प्रकरण आलं. त्यांची सरकी पेंडीची चाळीस पोती पावसात भिजली, बुरशी लागली, ओढ्यात फेकून द्यावी लागली, असं त्यांचं म्हणणं. नुकसान दाखवलं की कर वाचणार होता. पण माल फेकलेला डोळ्यांनी पाहिला असं लिहून देणारा माणूस हवा होता. गावभर पोती चाचपत फिरणाऱ्या माणसाचा उपयोग वकीलसाहेबांना तेव्हा पहिल्यांदा दिसला. कागद तयार झाला. शेषरावांनी सही करायची आणि कायम व्हायचं. फुकटात नशीब उघडलं म्हणून मी मनातल्या मनात जळलो देखील.

शेषराव सही करायच्या आधी सायकल घेऊन शेटच्या गोदामावर गेले. हात लावायला. तिथं एक फुटकं पोतं उरलं होतं. त्यात हात घातला, वास घेतला, हमालाशी तंबाखू खात बसले आणि शनिवारी दुपारी परत आले ते काळे ठिक्कर पडून.

"साहेब, पोती फेकली न्हाईत. खेड्यांतल्या लोकायला स्वस्तात इकली."

वकीलसाहेब शांतपणे म्हणाले की विकल्याची पावती नाही, म्हणजे विकली नाहीत. शिकण्यासारखं वाक्य होतं, मी लगेच शिकलो. शेषराव मात्र म्हणाले, नुकसान दाखवा, फायदा दाखवा, तुमचं तुम्ही बघा. ही पेंड जनावराच्या पोटात गेली तर पोट फुगंल. घेणाऱ्यांची नावं हमालाकडून घेतलीत, मी तिकडंच जाऊन राह्यलो. वकीलसाहेबांनी बजावलं, सोमवारी ऑफिस उघडताना सही झाली पाहिजे, नाही तर यायचं नाही. मी जिन्यापर्यंत मागं गेलो, चालून आलेली नोकरी लाथाडू नका म्हणून समजावलं. ते सायकलची हवा बघत होते.

सोमवारी ऑफिस उघडलं. शेषराव नव्हते. वकीलसाहेबांनी कागद माझ्याकडं सरकवला. गोदाम मी बापजन्मी पाहिलं नव्हतं. तरी पोती फेकताना डोळ्यांनी पाहिल्याची सही मी झोकात केली.

अकरा वाजता शेषराव आले. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं, डोळे सुजलेले. बारा घरं फिरून आले होते. अकरा ठिकाणी पेंड दावणीवरून उचलून पुरून टाकली होती. बाराव्या घरी उशीर झाला होता. एका विधवा बाईची एकुलती एक म्हैस, दोन महिन्यांची गाभण. तिचं डोकं मांडीवर घेऊन शेषराव रविवारी दिवस मावळेस्तोवर बसून होते, पण ती काही उठली नाही. एवढं सांगताना हा एवढा दांडगा माणूस माझ्यासमोर लेकरासारखा रडला.

मग त्यांचं लक्ष टेबलावरच्या कागदाकडं गेलं. सावकाश, एकेका शब्दावर बोट ठेवत त्यांनी तो वाचला. खालची माझी सही वाचली. रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते नेहमी हिशेबातली अडचण विचारायचे, तसंच त्यांनी विचारलं,

"मास्तर, पेंड तर ओढ्यात फेकली म्हणून लिहिलंय तुम्ही. मंग त्या बाईची म्हैस काय खाऊन मेली?"