भास्करकाकांची तक्रारपेटी

आमच्या भास्करकाकांना खीर गोड झाली असं नुसतं सांगून चालत नाही. ते म्हणतात, "लिही, खाली नाव घाल, पेटीत टाक." पेटी इथे परदेशात, त्यांच्या जॉन्सनव्हिल उपनगरातल्या घराच्या फाटकावर. त्यांनीच ठोकलेली, कुलूपबंद; किल्ली गळ्यात. बिननावी चिठ्ठी वाचत नाहीत, सरळ बार्बेक्यूत टाकतात.

हे सगळं आठव्यामुळे. आठवा म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीचा जपानचा, आपल्या घराण्यातला आठवा शोगुन, सम्राटाच्या नावाने प्रत्यक्ष राज्य चालवणारा सेनापती. काका पाण्याच्या पाइपांचे इंजिनिअर. कामासाठी जपानला गेले आणि ह्या माणसाला घरी घेऊन आले. आठवा सुती कपडे घालायचा, दोनदाच जेवायचा. दुष्काळात खायला असावं म्हणून त्याने रताळी लावायला लावली. म्हणून काका ऑफिसच्या पार्टीलाही खादीचा शर्ट घालतात आणि इथल्या थंडीत कुमरा, म्हणजे इथली रताळी, लावतात. ती बोटाएवढी निघतात. काकू विचारतात, "तुमच्या आठव्याला बायको होती का हो? तिचं काय म्हणणं होतं?"

आठव्याने अशीच पेटी ठेवली आणि त्यातल्या एका वैद्याच्या अर्जावरून गरिबांसाठी फुकट दवाखाना काढला, ही गोष्ट आमच्या मंडळातल्या पोरांनाही पाठ आहे. काका मराठीत सुरू करतात, पोरं "वी नो, आजोबा, हॉस्पिटल" म्हणून संपवतात.

२०१६ च्या चौदा एप्रिलच्या जयंतीआधी मंडळाच्या बैठकीत काकांनी प्रस्ताव मांडला: बौद्ध विहारासाठी घेतलेल्या घराच्या दारालाही अशी पेटी हवी. मी विरोधात उभी राहिले. चळवळीची पत्रकं वाचत वाढलेल्या मुलीच्या घशाखाली शोगुन उतरत नाही. म्हटलं, त्याने शेतकऱ्यांवरचा सारा वाढवला. जपानातही जातीबाहेर टाकलेली माणसं होती, त्यातल्या काहींना त्याच्या राज्यात केससुद्धा इतरांसारखे ठेवता येत नव्हते. "काका, त्या पेटीपर्यंत आपल्याला जाऊ दिलं असतं का त्याने?"

मला वाटलं, आता दवाखाना येणार.

"नसतं दिलं," काका म्हणाले. "माहीत आहे मला."

मग त्यांनी सांगितलं. ते लहान असताना त्यांचे वडील वस्तीच्या पाण्याचा अर्ज घेऊन कचेरीत गेले होते, काकांचं बोट धरून. कारकुनाने हातातून कागद घेतला नाही. खाली ठेव, म्हणाला. वडिलांनी ठेवला. तो वाऱ्याने अंगणात उडाला आणि वडील वाकून त्याच्यामागे धावले. कचेरी हसत होती.

"पेटी हात बघत नाही गं. आठव्याचं काय ते तू लिही, छाप, मी वाटेन. पण पेटी हवी."

मी आठव्याविरुद्धचा एक शब्दही मागे घेतला नाही. मत मात्र पेटीच्या बाजूने दिलं, हात उंच करून. त्या दिवशी आमच्या माणसांचा मला फार अभिमान वाटला.

रविवारी काकांनी दाराला फट पाडली, आतून पेटी बसवली, मला हातात कोरा कागद देऊन बाहेर उभं केलं आणि स्वतः आत पेटी उघडून बसले. जॉन्सनव्हिलचा वारा असा, की कागद दोन्ही हातांनी धरावा लागत होता. मी तो फटीत सरकवला. खाली पडल्याचा आवाज आला नाही.

"काका?"

दारामागून उत्तर आलं. "मिळाला. हातातच मिळाला."